सकाळपर्यंतचा निखारा

प्रिय हालवोर,

आईला काल इस्पितळातून घरी आणलं. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहितेय. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "किती वर्षं सिगारेट ओढता?" आई इतकी दुखावली! "जन्मात हात लावला नाही हो," म्हणाली. पण एक्स-रेतली फुप्फुसं पाहून कुणीही तेच विचारलं असतं.

मग शेगडीचा विषय निघाला. तुला माहीतच आहे, आजीने शिकवल्याप्रमाणे आई रोज संध्याकाळी मोठा ओंडका घालून शेगडीची हवा बंद करते, म्हणजे निखारा सकाळपर्यंत टिकतो. जिला सकाळी काडी ओढावी लागते ती बाई आळशी, असं आपलं अख्खं रेंडालेन खोरं मानतं. डॉक्टर म्हणाल्या, हवा कोंडलेलं लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं, आणि शेगडीचं दार उघडलं की सगळा धूर घरात. त्यातले बारीक कण फुप्फुसांतून रक्तात उतरतात आणि हृदय थकवतात. पाय सुजले होते ते त्यामुळेच. आणि मी बसवून दिलेल्या विजेच्या हीटरवर ती नुसते मोजे वाळत घालते.

मला संताप येतो तो तुमच्या त्या 'कूशली'चा. शेगडीपुढे लोकरीचे मोजे घातलेले पाय, हातात कॉफी. काढला फोटो की झालं घर उबदार, प्रेमळ, कूशली. गेल्या नाताळात तूही तसाच फोटो काढलास. आई तेव्हा फोटोबाहेर खोकत होती, हालवोर.

काल घरात पाय ठेवताच ती शेगडीकडे निघाली. मी हात धरला, तर म्हणते, "हालवोर दरवर्षी आठवणीने बर्चची लाकडं पाठवतो. ती कुजू देऊ? पोराला काय वाटेल?" म्हणजे माझा हीटर ही नुसती वीज, आणि तुझी लाकडं ही माया. मी चिडू नको तर काय करू?

आज सकाळी या वर्षीचा ट्रक आला. मी तो फाटकातूनच परत पाठवला. आई तेव्हा झोपेत होती, तिला कळलेलं नाही. ती खिडकीशी बसून वाट बघतेय आणि सारखी विचारतेय, "हालवोर विसरला का गं?" माझं ती ऐकणार नाही. पत्र मिळताच फोन कर. तू विसरला नाहीस हे सांग. लाकडं यापुढे येणार नाहीत, आणि शेडमधली उरलेली तिने जाळली नाहीत तरी तुला वाईट वाटणार नाही, हेही सांग. ती तुझं मन राखण्यासाठी धूर गिळतेय.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
तुरिड