करोमत आपांची रिकामी खुर्ची

आदरणीय करोमत आपा,

तुम्ही बुखाऱ्याला लेकीकडे गेल्यापासून इथे समरकंदला औषधशास्त्र विभागप्रमुखाची खुर्ची रिकामीच होती. काल डीनसाहेबांनी ती मला देऊ केली.

मला तो प्रयोगशाळेतला दिवस आठवला. लहान मुलाच्या औषधाचा डोस मी फळ्यावर दसपट लिहिला होता. माझी विद्यार्थिनी सबोहत म्हणाली, "बाई, एवढ्यानं मूल दगावेल." सकाळ-संध्याकाळच्या तुकड्या शिकवून मी इतकी थकले होते, की चूक दिसत असूनही पुसायला हात उचलवेना. तुम्ही आलात, फळा पुसलात आणि मला घरी पाठवलंत.

दुसऱ्या दिवशी डीनसाहेबांच्या खोलीचं दार उघडंच होतं. बाहेर आम्ही सगळ्या शिक्षिका ऐकत होतो.

"संध्याकाळच्या तुकडीला नवा शिक्षक द्या, नाहीतर ती बंद करा."

"अहो आपा, शिक्षकांसाठी भिंतीवर 'आनंदी राहा' असं रंगवून घेतलंय की!"

"भिंत आनंदी आहे, साहेब. माझ्या या शिकवणाऱ्या मुली आनंदी नाहीत. अति कामानं गेलेल्या एका सहकारी बाईच्या मयताच्या जेवणाचा पुलाव खाल्लाय मी. दुसरीचा शिजवायचा नाहीये."

साहेबांनी तुकडी बंद केली आणि तुमचं पदही काढून घेतलं.

आज मी त्यांना सांगितलं, पद घेते, पण ती तुकडी पुन्हा सुरू होणार नाही. त्यांनी चहाची पियाली खाली ठेवली. मग "बरं" म्हणाले.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्ही म्हणाल, "एवढं लिहीत बसलीस, त्यापेक्षा झोपली का नाहीस?" दुपार आहे, वर्ग नाही. पडदा ओढून झोपते.

तुमची,
मोहिरा