माझ्याच मशीनवरून

४ जून, सकाळी ८
सुकन्येच्या नर्सिंगचे फॉर्म आजपासून सुरू. कॉलेज नांदेडचं. शेवटची तारीख १८. संकल्प: फॉर्म माझ्याच मशीनवरून भरायचा. मुरुडातला पहिला कॉम्प्युटर क्लास माझा. माझ्या पोरीचा फॉर्म मोबाईलवर भरला तर गावात तोंड कसं दाखवू? तिला तसं बजावलं. बरं पप्पा, म्हणाली. पोरगी शहाणी आहे.
माझ्या साध्या बटणवाल्या मोबाईलवर कसलासा ओटीपी आला. तिनेच विचारून घेतला. गॅसचा असेल.

५ जून
मशीन चालू केलं. विंडोज एक्सपी. अठरा वर्षांत एकदाही दगा नाही. दर दसऱ्याला पूजा होते, त्यामुळे की-बोर्डात कुंकू आहे आणि काही बटणं जोरात दाबावी लागतात, एवढंच.
साईट उघडेना. 'सुरक्षित कनेक्शन होऊ शकत नाही.' म्हणजे साईटच धोक्याची! माझ्या मशीनने बरोबर ओळखलं.

७ जून
हेल्पलाईनला फोन. तिथल्या मुलीने विचारलं, कुठलं मशीन? अभिमानाने सांगितलं. मग तिने आणखी कुणाला तरी बोलावलं आणि म्हणाली, सर, परत एकदा सांगा ना. मागून दोघं-तिघं ऐकत होते. अनुभवाची कदर करणारी माणसं अजून आहेत.

१० जून
हनुमंत आला. माझा जुना विद्यार्थी, आता बसस्टँडसमोर मोबाईलचं दुकान आहे त्याचं. चप्पल बाहेर काढूनच मशीनपाशी बसला. शिस्त माझी. बघून म्हणाला, सर, साईटनं नवं कुलूप बसवलंय, तुमच्या मशीनकडं जुनीच किल्ली हाय. आता न्हाई उघडायचं ते. म्हटलं, मग त्यांना कुलूप बदलायला सांग. त्याने चहा बशीत ओतून प्यायला.
मशीनच्या घड्याळात २००२ साल दिसत होतं. त्याने आतला सेल बदलून दिला. आधी एरर चार ओळींची यायची, आता दोनच ओळींची येते. निम्मं काम झालं.

१३ जून
संबंधित विभागाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं: साईट १८ तारखेच्या आत पूर्वीसारखी करावी. ईमेलच करणार होतो, पण मशीनवर ईमेलही उघडत नाही. ईमेलवाल्यांनाही एक पत्र टाकावं लागणार.

१६ जून
अंबिका म्हणाली, अवो, कशाला उगं जीव काढायलात? म्हटलं, यातलं तुला कळायचं नाही. बायकोला समजावत बसायला वेळ नाही.
सुकन्या निवांत मैत्रिणीकडे गेलीय. बापावर केवढा विश्वास!

१८ जून, सकाळी ११
शेवटचा दिवस. चौदा वेळा रिस्टार्ट. मशीन गरम, मी थंड. काळजी नाही.

दुपारी ४
काळजी आहे. पोरीचं वर्ष माझ्या हट्टापायी गेलं तर? शेवटी स्वयंपाकघरात जाऊन अंबिकाला सगळं कबूल केलं. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, तिनं कवाच भरलाय की, चार तारखेलाच. ओटीपी तुम्हीच न्हाई का दिला? विचारलं, मग मला का नाही सांगितलं? म्हणाली, तुम्ही लई खुशीत होता.

संध्याकाळी ६
सुकन्येने फॉर्मची प्रिंट दाखवली. हनुमंतच्या दुकानात काढलेली. म्हणजे चहा पिताना त्यालाही माहीत होतं.
एकही चूक नाही. मीच शिकवलंय.
फक्त एका रकान्यावर नजर अडकली. पालकाचा व्यवसाय: संगणक शिक्षक (निवृत्त).
निवृत्त? कधी? मला कुणी कळवलंच नाही. वाईट वाटलं. तिला बोललो नाही.
फॉर्ममधल्या दुरुस्तीला २२ पर्यंत मुदत आहे. मशीनवर अंबिकाने विणलेलं कव्हर घातलं आणि सुकन्येकडे मोबाईल मागितला. तिने विचारलं, कशाला पप्पा? म्हटलं, काही नाही, वेळ बघायची होती.