पाच पत्त्यांचा डाव

३ फेब्रुवारी, सोमवार

तिसरीच्या वर्गात पत्ते आणायला परवानगी दिली. परवानगी कसली – जप्त करून करून थकले. मुलं पाकिटं विकत घेतात, जमवतात, बदलतात. प्रत्येक पत्त्यावर एक अक्राळविक्राळ प्राणी, कोपऱ्यात त्याचा जोर. आकडाच आहे ना, मग बेरीज करा म्हटलं. दोघांनी आळीपाळीने पाच पत्ते उघडे मांडायचे. ज्याची बेरीज जास्त, तो जिंकला.

४ फेब्रुवारी

वर्ग शांत. हे बरं की वाईट, कळेना.

६ फेब्रुवारी

गोगलगाय – मागच्या महिन्यात आलेली नवी मुलगी, नाव वर्गानेच ठेवलेलं – तीही खेळते. पेपर कोरे देते. मधल्या सुट्टीत एकटी बसायची. आज तिच्यासमोर रांग. 'तू काल खेळलीस, आज माझा नंबर.' ती मात्र प्रत्येक डाव हरते. हरणारीसाठी रांग कशाला? एकीला विचारलं. 'लई टक्कर देते, बाई.'

१० फेब्रुवारी

मुख्याध्यापिकांनी बोलावलं. गोगलगायीला परत दुसरीत बसवायचं. फॉर्मवर माझी सही हवी. तिला गणित येतं असं वाटतं, मी म्हटलं.

'वाटतं म्हणजे? कोरा पेपर वाचता येतो का तुम्हाला?'

मी पत्त्यांचं सांगितलं. हसल्या. 'बरं, मीच खेळते. जिंकली तर राहू दे तिसरीत. तिला सांगू मात्र नका.'

११ फेब्रुवारी

खेळल्या. आधी चष्मा पुसला. गोगलगाय त्यांचा पत्ता बघून आपला टाकायची, बोटांवर न मोजता. आणि हरली. साठ विरुद्ध एकोणसाठ.

मुख्याध्यापिका भलत्याच खूश. 'पोरगी गोड आहे हो. पण दुसरीतच.' दारातून वळून तिला म्हणाल्या, 'उद्या परत मांडू गं एक डाव.'

१२ फेब्रुवारी

सहीसाठी पेन उघडलं. बंद केलं. काहीतरी नजरेतून सुटतंय.

१३ फेब्रुवारी

सुट्टीत मीच तिच्यासमोर बसले. हरायचं ठरवून. एकदा तरी जिंकू दे. पोरांकडून मागितलेले सगळ्यात मरतुकडे प्राणी टाकत गेले. ती बघे, आपल्या पत्त्यांच्या डब्यात उचकापाचक करी, त्याहून मरतुकडा काढी.

माझी बेरीज अकरा. तिची दहा.

'का गं?'

'हरलं की परत बोलावतात, बाई.'