काद्री माझ्या जबाबदारीवर

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०

आज काद्री येणार. वय तेवीस, देश एस्टोनिया, आमच्या सांगलीच्या माती परीक्षण लॅबमध्ये तीन महिने इंटर्न. लॅबच्या प्रमुख शालन मॅडमनी शनिवारी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, वीरधवल, ती नवीन आहे, तुम्ही दोघं बरोबर राहा. कामाला, जेवायला, गावात हिंडायला.

जबाबदारी हा शब्द त्यांनी वापरला नाही, पण रोख तोच. बारा जणांच्या स्टाफमधून माझी निवड झाली. कारण उघड आहे. विश्रामबागेत इंग्रजी पेपर घेणारा ऑफिसातला मी एकटा. (वाचायला सवड मिळत नाही, तो भाग वेगळा.)

आबांना फोन केला. आबा म्हणजे माझे वडील, रिटायर्ड सुभेदार, मुक्काम पाटणजवळ. घरात तीन पिढ्या फौजेत. मीही भरतीला दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा मैदान नीट आखलेलं नव्हतं. आबा म्हणाले, "परक्या मुलखातली लेक हाय. तिच्या केसाला धक्का लागता कामा न्हाई. आन् तू?" मी विचारलं, मी काय? म्हणाले, "न्हाई, आसंच इचारलं."

संकल्प: तिला शहराची भीती वाटणारच, ती एका महिन्यात घालवणे.

सायं. ७.३०

तिला आणायला मिरज स्टेशनवर गेलो. ती सांगलीला उतरली. रेल्वेचा गोंधळ. मी परत येईपर्यंत रिक्षाने घरी पोहोचून, हातपाय धुऊन बसली होती.

राहायची सोय सुंदरी काकूंकडे, म्हणजे मी राहतो त्याच घरात. मी वर, ती खाली. काकू जैन. घरात कांदा, लसूण, बटाटा नाही आणि जेवण सूर्य मावळायच्या आत. हे कठीण जाईल म्हणून मी तिला आधीच धीर दिला. ती म्हणाली, आमच्याकडे या दिवसांत साडेतीनलाच अंधारतं, तुम्ही खूप उशिरा जेवता.

तिचं गाव एका बेटावर. वस्ती एकशे चाळीस. सांगली-मिरज मिळून त्यांच्या राजधानीपेक्षा मोठं भरेल म्हणते. हे मला माहीत होतं, पण आश्चर्य दाखवलं.

८ जानेवारी, गुरुवार

रस्ता ओलांडण्याचं प्रशिक्षण. तत्त्व सोपं आहे. दोन्ही बाजूंना एकही वाहन दिसेनासं होईपर्यंत हलायचं नाही. कॉलेज कॉर्नरला चौदा मिनिटं उभे राहिलो. मग तिने माझी बाही धरली आणि आम्ही पलीकडे गेलो. मी बाही सोडवून घेतली नाही. परक्या देशात माणसाला आधार लागतो.

११ जानेवारी, रविवार

बाहेरचं खायचं नाही हा नियम मी तिला लेखी दिला आहे. तिला भेळ हवीच होती. म्हटलं, आधी मी तपासतो. तपासणी नीट व्हावी म्हणून दोन प्लेटी तपासल्या.

१३ जानेवारी, मंगळवार

पोट बिघडलेलं. काद्रीने त्याच गाड्यावरची भेळ खाल्ली होती, तिला काही नाही. म्हणजे जे काही वाईट होतं ते आधी माझ्याकडे आलं. काल आणि आज सकाळी ती जिना चढून ताक देऊन गेली. कृतज्ञता आहे पोरीत.

१६ जानेवारी, शुक्रवार

पहिली शिवारफेरी. नदीकाठचे शेतकरी गुंडा चौगुले यांची चार एकर. उसाला पाणी जास्त होत गेलं आणि जमीन क्षारपड झाली. वर पांढरा थर, त्यात गवतही धड उगवत नाही. लॅब आणि काद्रीचं विद्यापीठ मिळून या शेतात जमिनीखालून पाइप टाकून क्षार काढून बघणार आहेत. दुभाषी: मी.

काद्रीने इंग्रजीत विचारलं, मीठ वर कधी आलं? मी मराठीत विचारलं, मीठ कधी आणलं?

गुंडा म्हणाले, "आवं सायेब, मीठ काय मी इकत आणून टाकलंय व्हय? आपआप वर आलंय."

मी हे भाषांतर करण्याच्या विचारात होतो, तोवर काद्रीने खाली वाकून चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. गुंडांनीही ठेवली. ते म्हणाले, खारट. ती म्हणाली, खारट. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं दाखवली, दहा वर्षं, आणि दोघं चालत पार नदीच्या अंगापर्यंत गेले. मी गाडीपाशी थांबलो. गाडी लॅबची आहे, शिवारात उघड्यावर सोडून चालत नाही.

रिपोर्ट उत्तम झाला असं मॅडम म्हणाल्या. खाली दोन सह्या आहेत. माझी वरची.

१९ जानेवारी, सोमवार

काद्रीची प्रगती समाधानकारक. काकू तिला मराठी शिकवतात. आज मला म्हणाली, "जेवला न्हाई का अजून?" मी सांगितलं, नाही, न्हाई नव्हे. काकूंना आवडलं नाही.

२१ जानेवारी, बुधवार. दुपारी १.००

पेच. काद्री कालपासून खोलीबाहेर आलेली नाही.

काकू सांगतात ते असं. परवा ती एकटी गणपती पेठेत गेली. बाजाराची गर्दी, त्यात एक वरात आडवी आली. बँड, हॉर्न, तिच्याबरोबर फोटो काढायला जमलेली माणसं. तिला श्वासच घेता येईना. एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. दुकानदाराने रिक्षा करून दिली. आता म्हणते, घरी जाते. रविवारचं विमान बघतेय.

मॅडम म्हणाल्या, ती गेली तर तिचं विद्यापीठ इथं दुसरं कुणी पाठवेल असं वाटत नाही. गुंडांच्या शेतातलं पाइपांचं कामही राहून जाईल. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुम्ही एकदा बोला.

आबांना कळवायला नको होतं, पण कळवलं. "तुझ्यावर टाकली हुती न्हवं? आन् तिला एकली बाजारात जाऊ दिलीस?" फोन मीच ठेवला.

रात्रीपर्यंत भाषण तयार करतो. एकूण सहा मुद्दे. इंग्रजीत.

२२ जानेवारी, गुरुवार. सायं. ६.००

मोहीम फत्ते. क्रमवार लिहितो.

सकाळी दहाला खाली गेलो. काद्री खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, बॅग अर्धी भरलेली. मी उभ्यानेच सुरुवात केली. मुद्दा पहिला, धैर्य. मुद्दा दुसरा, धैर्याचे फायदे. तिने मधेच विचारलं, तू कधी अनोळखी शहरात एकटा राहिलास का?

हा प्रश्न सहा मुद्द्यांत नव्हता.

मी म्हटलं, पुण्यात. ती म्हणाली, किती दिवस? मी म्हटलं, एकोणीस.

मग जे बोललो ते धोरणाचा भाग म्हणून बोललो. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. हडपसरला खोली होती, कंपनीत डेटा एंट्रीचं काम. रोज थांब्यावर उभा राहायचो आणि बस आली की आतली माणसं बघून पाय उचलायचा नाही. पुढची घेऊ म्हणायचो. एका दिवशी अकरा बसेस सोडल्या. एकोणीस दिवसांत माझं नाव घेऊन कुणी हाक मारली नाही. विसाव्या दिवशी पाटणला गेलो आणि आबांना सांगितलं, कंपनी बंद पडली. खरं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. निम्मं मराठीतच सांगितलं. तिला किती कळलं माहीत नाही.

या दरम्यान माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंच्या घरात कांदा नसतो, तेव्हा धूळ असणार. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुढं कितीतरी वेळ त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. त्यांचा काहीतरी गैरसमज झाला असावा.

काद्रीने बॅग बाजूला सारली. मग उठून चपला घातल्या आणि म्हणाली, "चल."

गणपती पेठेत त्याच दुकानाच्या पायरीवर आम्ही जाऊन उभे राहिलो. आधी पाच मिनिटं. मग दुकानदाराने ओळखून चहा सांगितला, म्हणून आणखी पंधरा. परत येताना चालत आलो. घरी आल्यावर तिने बॅग रिकामी केली.

मुद्दे तीन ते सहा वापरावे लागले नाहीत.

२३ जानेवारी, शुक्रवार

आबांना सांगितलं, थांबवली तिला. ते म्हणाले, "ब्येस केलंस." भरतीला दुसऱ्यांदा जाऊन आल्यापासूनची पहिली शाबासकी.

३१ जानेवारी, शनिवार

गुंडांच्या शेतात पाइप टाकायला सुरुवात झाली. काद्री चरात उतरून काम करते. मी वरून लक्ष ठेवतो. एकदा उतरलो होतो, तिने आणि गुंडांनी मिळून वर काढलं.

परदेशी पाहुण्यांची व्यवस्था कशी करावी यावर छोटं पुस्तक लिहावं असं वाटू लागलं आहे. मॅडमना सुचवलं की माझ्या टेबलावर ‘आंतरराष्ट्रीय समन्वयक’ अशी पाटी लावायला हरकत नाही. त्या म्हणाल्या, गुरुवारची मीटिंग होऊ द्या. म्हणजे तिथं जाहीर करणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ३.००

इस्त्रीचा शर्ट घातला होता. एवढंच नमूद करतो.

सायं. ५.४०

शांतपणे लिहितो.

काद्रीने विद्यापीठाला पाठवलेला पहिल्या महिन्याचा अहवाल मॅडमनी सगळ्यांना मराठीत वाचून दाखवला. माती, क्षार, पाइप. शेवटी एक परिच्छेद असा: "मी आले त्या दिवशी शालन मॅडमनी मला एक काम दिलं. ऑफिसात एक सहकारी आहे, चांगला माणूस आहे, पण चार वर्षांत घर आणि लॅब सोडून कुठं जात नाही. त्याला बरोबर घेऊन फिर. तिसऱ्या आठवड्यात मीच परत जायला निघाले होते. तेव्हा तो मला समजवायला आला आणि रडला. त्याला तसा सोडून जाणं मला जमलं नाही."

नाव नव्हतं. बारा जणांपैकी अकरा जण माझ्याकडे बघत होते.

मीटिंगनंतर केबिनमध्ये जाऊन तोंडी आक्षेप नोंदवला. एक, मी रडलो नव्हतो. दोन, जबाबदारी माझ्यावर होती, तिच्यावर नव्हे. मॅडम म्हणाल्या, मी दोघांनाही एकच सांगितलं होतं, बरोबर राहा. यात तुमचं काय बिघडलं?

उत्तर तयार आहे. लेखी देणार आहे.

शिवाय पुढचं काम माण तालुक्यात. तिथल्या कोरडवाहू मातीचे नमुने घ्यायचे, दहिवडीत तीन आठवडे मुक्काम. बरोबर कोण, असं मॅडमनी विचारलं, तर काद्रीने माझं नाव घेतलं. मी हो म्हटलं. नाही म्हणण्यापूर्वी मीटिंग संपली.

७ फेब्रुवारी, शनिवार

आबांना सांगितलं, तीन आठवडे बाहेरगावी जातोय. ते म्हणाले, "पुन्याची कंपनी बंद पडली न्हवती, ठावं हाय मला. तुला भेटाय आल्तो. तू थांब्यावर उबा हुतास. मीबी समोरच्या अंगाला उबा हुतो. चार बसा गेल्या. हाक मारावी वाटलं, पर तुला लाज वाटंल म्हनून माघारी फिरलो." मग म्हणाले, "हाक मारायला पायजे हुती."

लाईन खराब होती. आबांचं वयही झालं आहे. त्यांनी दुसऱ्याच कुणाला पाहिलं असणार.

मी म्हटलं, दहिवडीत पोचलो की फोन करतो.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१५, एसटीत

अक्षर हलतंय, रस्त्यामुळे. गाडी खच्चून भरलेली. मी चढण्याआधी परिस्थितीचा आढावा घेत होतो. तेवढ्यात काद्रीने खिडकीतून ओढणी टाकून दोन जागा धरल्या आणि आतून हाक मारली, "वीरधवल, ये रं." पूर्ण स्टँडला ऐकू गेलं.

खिडकीची जागा तिने मला दिली. वरिष्ठांचा मान ठेवण्याची पद्धत त्यांच्याकडेही असावी.

८.५५, विट्याच्या अलीकडे

खिडकी वापरावी लागली. दोनदा.

आता बरं आहे. कंडक्टरने विचारलं, पाव्हनं पहिल्यांदाच भाईर पडलाय व्हय? मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. काद्री म्हणाली, "न्हाई. दुसऱ्यांदा."

उच्चार अजून कच्चा आहे. दहिवडीत घेतो सुधारून.