एका एक्स-रेला ठाम नकार

३ मार्च
मीटर आला. रेडिएशन मोजायचा. पिवळा, टिकटिक करतो. बायकोने विचारलं, हे कशाला? म्हटलं, शत्रू अदृश्य आहे. ती म्हणाली, आधी डोळ्यांना दिसतंय तेवढं आवरा. आजपासून घर सुरक्षित करणार.

४ मार्च
ओट्याच्या ग्रॅनाइटवर टिकटिक वाढली. संशय खरा ठरला! ओटा फोडायचा प्रस्ताव मांडला. बायकोच्या हातात लाटणं होतं. प्रस्ताव तूर्त मागे.

६ मार्च
मेहुणी आली. हॉस्पिटलात एक्स-रे काढते. म्हणाली, भावजी, दगडातून, हवेतून, आकाशातून थोडं रेडिएशन सगळ्यांनाच मिळतं. विचारायचं ते किती. तिच्या कोटाला बिल्ला असतो, तिला किती मिळालं ते मोजणारा. वर्षभरात नगण्य निघालं म्हणे. बिल्ला बिघडलेला असणार. बोललो नाही. नातं टिकवायचंय.

९ मार्च
छताजवळचं मोजायचं राहिलं होतं. स्टुलावर चढलो. पडलो. मीटर शाबूत. उजवं मनगट लचकलं.

१० मार्च, डाव्या हाताने
मनगटाचा भोपळा झालाय. डॉक्टर म्हणाले, एक्स-रे. ठाम नकार. मेहुणीचा फोन: यात मिळतं तेवढं घरी काही तास नुसतं बसूनही मिळतं. उलट हाड मोडलं असेल आणि कळलंच नाही, तर हात कायमचा अधू. धोका दोन्ही बाजूंनी तोलायचा असतो. तुमच्या घरात सगळ्यात घातक वस्तू स्टूल आहे. फोन बायकोकडे दिला.

१७ मार्च
शेक चालू. सुधारणा आहे. शर्टाची बटणं बायको लावते. तिलाही विरंगुळा.

२८ मार्च
सूज उतरली. विजय! हात जरा भलतीकडे बघतो, एवढंच.

२९ मार्च
मुलगी तान्ह्या नातीला घेऊन आली. मी उचलायला गेलो. मनगटाने दगा दिला. मुलीने वेळेवर झेललं. बायको बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. मी बाहेरच बसून राहिलो.

३० मार्च
एक्स-रे काढला. हाड मोडलं होतं, वाकडं जुळलंय. पुन्हा मोडून धातूची पट्टी बसवणार. ऑपरेशन चालू असताना एक्स-रेच्या मशीनवर बघत राहावं लागेल, नंतरही अधूनमधून काढावे लागतील. पहिल्याच दिवशी आला असतात तर प्लास्टरवर निभावलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, एकूण किती एक्स-रे? म्हणाले, लागतील तेवढे.

५ एप्रिल
यांचा उजवा हात बांधलाय, डाव्याला सलाईन आहे. हे सांगताहेत, मी, यांची बायको, लिहितेय. ऑपरेशन यशस्वी. निर्णय सर्वस्वी यांचा होता आणि हे हसतमुखाने आत गेले, असं लिही म्हणाले. लिहिणार नाही म्हटलं. आत जाताना माझा हात सोडत नव्हते, नर्सने सोडवला. मग जरा रुसले. मग म्हणाले, बरं, आता लिही, रेडिएशनविषयी माझं ठाम मत असं आहे की.
झोप लागली. घोरताहेत.