हलत्या फळीवरची उडी

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
बंडू आला तिरोड्याहून. ओवाळल्यावर ताटात ना पाकीट, ना साडी. पिशवीतून आमचा जुना व्हिडिओ गेम काढून ठेवला! तोच, पिवळ्या कॅसेटचा. कॅसेटचा कोपरा मी चावलेला, तोही तसाच. माळ्यावरून काढून दुरुस्त करून आणला म्हणे. "साडी तं तू नेसतच नाही ताई. हे घे." धाकट्या भावाला एक टपली दिली आणि डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेले. तिकडून नवरा, "चाळिशी उलटली तुही, आता अंगणवाडीत नाव टाकू का?" सुनील तो सुनीलच.

२५ ऑक्टो.
नव्या टीव्हीला तीन रंगांच्या पिना लावल्या. कॅसेटमध्ये फुंकर. चालू!! तीच टुणटुण. उड्या डाव्या कोपऱ्यात उभा. (त्याला हे नाव आईने दिलं, खरं नाव आम्हाला कधी कळलंच नाही.) वटवाघळं, काटे, वरून पडणारे दगड, सगळं जिथल्या तिथे. हातांना वाट पाठ होती. तरी दोनदा पडले. सवय गेली, ठीक.
मग तिसऱ्या टप्प्यातली हलती फळी. ही मी पैज लावून डोळे मिटून पार करायचे. बंडूचे मित्र बघायला यायचे. आज खाली. परत खाली. सगळ्या लाइफ तिथेच संपल्या.

२६ ऑक्टो.
पुन्हा तेच. बटण वेळेवर दाबते, उड्या उशिरा उडतो.

२८ ऑक्टो.
लॅबमध्ये एका आजोबांची शीर चुकली. दुसऱ्या हातालाही चुकली. इतकी वर्षं रक्त काढते आहे, लेकरांचंसुद्धा एका टोचणीत. आजोबाच म्हणाले, "राहू दे बाई, माह्या शिराच पळून राहिल्या." सगळे हसले. मला हसू येईना.

२९ ऑक्टो.
लिहूनच टाकते. बाबांना कंपवात होता. लोकांना थरथर आठवते, पण ती फार नंतरची. आधी हात नुसते मंद झाले होते. शर्टाची बटणं लागेनात. आमच्याबरोबर गेम खेळायचे, तेव्हा उडीला उशीर व्हायला लागला. आम्ही हसायचो. मी बारावीत होते आणि बाबा तेव्हा माझ्या आत्ताच्या वयाचे.
पुढे हातात गेमचा रिमोटही धरवेना, तेव्हा खुर्ची ओढून माझ्या मागे बसायचे. फळी आली की ओरडायचे, "आता!" एकदाही चुकले नाहीत.

३१ ऑक्टो.
दुसरा एखादा खेळ असता तर त्याला दोष दिला असता. याला देता येत नाही. फळी तेव्हा जिथे यायची तिथेच आजही येते. मेलो तर चूक आपलीच, म्हणून तर परत परत खेळावंसं वाटायचं. इतकं सरळ वागणारं दुसरं काही मला भेटलेलं नाही. म्हणून तर भीती वाटते.
सु.ला काही बोलले नाही.

३ नोव्हें.
बंडूचा फोन. "खेळली का? फळी पार केली का?" म्हटलं हो. खोटं.
नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, २१ तारखेची. सु.ला सांगितलं, लॅबचं ट्रेनिंग आहे.

९ नोव्हें., रवि.
आईकडे, तिरोड्याला. गेम पिशवीत घेऊन गेले. बंडूचा हुकूमच होता. कापणी सुरू, रस्ताभर धानाचे भारे. आईचा जुना डबा टीव्ही अजून तिथेच, वर क्रोशाचं झाकण, त्यावर प्लास्टिकची फुलं. फुलं उतरवली, पिना लावल्या. बंडू शेजारी मांडी घालून बसला. मला घाम. त्याच्यासमोर पडले तर तो ओळखणार, बाबांचं त्यानेही पाहिलंय.
फळी आली. उडी मारली. पोचले.
म्हटलं, चुकून. पुढची फळी. तिच्या पुढची. चौथा टप्पा, पाचवा. माझे हात बारावीतल्या पोरीचे! बंडू पडत होता आणि मी नाही. आणि मग रडूच फुटलं, हुंदके देऊन. आई दारात, हातात सूप. "काऊन वो, जितून राहिली अन् रडून राहिली?" काय सांगणार? म्हटलं, बाबांची आठवण आली. तेही खरंच होतं.
येताना ट्रेनमध्ये खिडकीशी बसून शेंगा खाल्ल्या. कितीतरी दिवसांनी भूक लागली होती.

१० नोव्हें.
घरी येऊन पुन्हा लावला. पडले. पडले. पडले.
म्हणजे काल हात चांगले होते आणि आज नाहीत? बाबांचेही चांगले दिवस असायचे.

१२ नोव्हें.
आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.
संध्याकाळी मी खेळत होते, म्हणजे पडत होते. सु. स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. टीव्ही त्याला तिथून दिसतही नाही. तिथूनच म्हणाला, "तुहा उडणारा माणूस बहिरा हाये का?"
म्हटलं, काहीतरीच काय.
"अवो, पहले तुह्या बटनाचा खट येते, मंग त्याच्या उडीचा टुंग. लय गॅप हाये."
मी रिमोट खाली ठेवला. मग उचलला. डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. खट... टुंग. खट... टुंग. होय! आईकडे खट आणि टुंग एकदमच होते. सु.ला ओढून आणलं, कांद्याच्या हातांनीच दाबायला लावलं. त्याचंही खट... टुंग. शेजारच्या भाभींना बोलावलं. त्या म्हणाल्या, "ये क्या करवा रही हो?" आणि दाबलं. खट... टुंग.
टीव्ही! माझे हात नाहीत, हा सपाट मेला टीव्हीच मंद आहे! जुन्या मशीनचं चित्र त्याला समजून घ्यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात फळी निघून जाते.
भाभी गेल्यावर सु.ला सगळं सांगितलं. शीर, बाबा, नागपूर. तो म्हणाला, "येवढं एकटीनं काऊन घेऊन बसली?" डोळे लाल होते. कांदा म्हणाला. असेल कांदा.

१३ नोव्हें.
बंडूला फोन केला. आधी खो खो हसला. मग अगदी हळू, "मलेबी भेव वाटते ताई. मी बी अधूनमधून हात पाहत राहतो."
हे मला माहीत नव्हतं. लहानपणी एका बिछान्यात झोपलेली आम्ही दोघं, आणि आता दोघंही आपापल्या घरी आपापले हात बघत बसलो होतो. खूप वेळ बोललो. बरं वाटलं. लिहूनही बरं वाटतंय.

१५ नोव्हें.
ते आजोबा परत आले. मीच घेतलं. पहिल्या टोचणीत मिळाली. म्हणाले, "आज शीर पळाली नाही." म्हटलं, आज मी धावले नाही.

१६ नोव्हें., रवि.
बंडू ओळखीच्या पिकअपमधून डबा टीव्ही घेऊन आला. जिन्यात त्याची आणि सु.ची बोंबाबोंब. केवढं ते धूड! नव्या टीव्हीशेजारी स्टुलावर बसवला. आईने क्रोशाचं झाकण आणि प्लास्टिकची फुलंही पाठवली आहेत. घराची शोभा गेली, असं सु.चं मत. पण रात्री जेवायच्या आधी दुसऱ्या रिमोटसाठी बंडूशी भांडत होता तोच.

१९ नोव्हें.
सु. म्हणतो, वेळ रद्द कर, आता कायले जातं? खरंय. पण गेमने एवढंच सांगितलं की तो टीव्हीचा उशीर होता. पुढचं तो काही सांगत नाही. आणि बंडूही येतो म्हणतोय, दोघांचंही दाखवून घेऊ. भीती आहेच, पण आता तिघांत वाटलेली आहे. जाऊ.

२० नोव्हें.
सकाळच्या गाडीची तिकिटं पर्समध्ये. डबा करून ठेवला. बंडू मुक्कामाला आलाय, सु.शेजारी सोफ्यावर घोरतोय.
झोपायच्या आधी एकच डाव खेळले. वटवाघळं, काटे, दगड. फळी आली तेव्हा कुणीतरी मोठ्याने ओरडलं, "आता!" बंडू दचकून उठला, म्हणाला, "बाबा?"
मीच ओरडले होते. उड्या पोचला होता.