एम लावू नका

२ डिसेंबर, सोमवार
मोहगावहून सकाळच्या बसनं सौंसरला आले. मधुकरभाऊच्या फोटो स्टुडिओत काम लागलं. मागं राहायला खोली, खिडकीतून संत्र्याचा बगीचा दिसते. मस्त आहे. भाऊनं ही वही दिली, रोज केलेलं काम लिहा म्हणे. चौथी शिकलेल्या बाईनं रोज लिहायचं. लिहू.

काम सोपं. कॉम्प्युटर फोटोंनी गच्च भरला, एकेका गिऱ्हाइकाच्या नावाचं फोल्डर. काळ्या पडद्यावर झिप, आडवी रेघ, आर, मग नाव टाकायचं, की त्याची दाबून लहान गाठ होते. मी अठरा वर्षं जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी दाबल्या. भाऊले म्हटलं, हे तेच तर आहे. हसले. मग म्हणाले, आर पुढं एम लावला की गाठ बांधून मशीन मूळ फोल्डर काढून टाकते. एम लावू नका, मूळ काढायचं माझ्याकडे.

कामाच्या ओळखपत्रासाठी माझेही चार फोटो काढले. अनुराधा नावाचं फोल्डर झालं. उद्या भाऊ डोळ्याच्या ऑपरेशनले नागपूरला चालले, पंधरा दिवस.

खरं तर मी हिमानीसाठी आले. एकुलती एक लेक. तिचा बाप गेला, ती नागपूरला सासरी. रविवारी फोन करते, बाकी सहा दिवस माझ्याशी कोणी बोलत नाही. तिच्या लग्नाचे फोटो भाऊनंच काढले होते, ते याच मशीनीत आहेत. रोज एक पाहीन.

४ डिसेंबर, बुधवार
वीस फोल्डर दाबले. समोर शकुंतलाची चहाची टपरी. ग्लास ठेवता ठेवता म्हणे, मावशी, एका बोटानं कोंबडीसारखी काय टिपून राहिली? म्हटलं, तू चहात दूध टाकते तसंच, थेंब थेंब. हसत गेली. दिवसभरात बोलले ते एवढंच.

हिमानीचं फोल्डर यादीत सापडत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार
मूळही ठेवायचं, गाठही ठेवायची, मग जागा होणार कुठून? जिनिंगमध्ये गाठ बांधली की सुटा कापूस खाली कोणी ठेवत नाही, एका ठिणगीनं आग लागते. भाऊले काय कळते गाठीचं. मी एम लावला. हिमानीचं नाव दिसलं तर थांबायचं, बाकी येईल ते दाबायचं. एका दिवसात साठ.

६ डिसेंबर, शुक्रवार
शकुंतला आली नाही. सहा डिसेंबर, बाबासाहेबांच्या कार्यक्रमाले गेली असेल वाटलं. बाहेर पाहिलं तर टपरीच नाही. नुसती बाभूळ. पंक्चरवाल्या गजाननले विचारलं. म्हणे, इथं टपरी कधीच नव्हती बाई, चहा पाहिजे तर बसस्टँडवर जा.

तिचा ग्लास माझ्या टेबलावर आहे. तळाशी पत्ती अजून ओली.

७ डिसेंबर, शनिवार
परवाच्या साठांत शकुंतला होती. भाऊले फोन लावला, सगळं सांगितलं. भाऊनं दोनदा विचारलं, एम लावला? मग म्हणाले, बाई, मूळ तर मी माणूस वारल्यावरच काढतो. आत्ताच्या आत्ता साऱ्या गाठी उघडा.

उघडायला गेले. मशीन म्हणते जागा नाही.

साठच्या साठ नावं बोट ठेवून वाचली. हिमानी नाही. देव पावला.

८ डिसेंबर, रविवार
चार वाजले. फोन नाही. मी लावला, हा नंबर अस्तित्वात नाही. मोहगावच्या शेजारणीले लावला. म्हणे, अनुराधा, तुले लेकरू कधी झालं?

यादी परत काढली. प्रफुल्ल. माझा जावई. लग्नाचं फोल्डर नवरदेवाच्या नावानं राहते, हे मले कसं सुचलं नाही. मी लेकीच्या नावानं शोधत राहिले, आणि माझ्याच बोटानं —

त्या फोटोंत मीही होते. माझं वेगळं फोल्डर आहे, म्हणून उरले.

९ डिसेंबर
साठ फोल्डर काढले तरी जागा नाही, कोणी खाल्ली? अनुराधा. चार फोटो होते. आता मोजता येत नाही इतके. सारे मागून काढलेले. मी खुर्चीवर. मी खिडकीत. मी फोनकडे पाहून राहिले. कोणी काढले — खोलीत कोणी नाही —

मिटवले. तितकेच परत आले. वाढूनच राहिले.

१० डिसेंबर, सकाळ
दुसरा रस्ता नाही. माझी लेक आहे ती.

झिप, रेघ, आर, एम. अनुराधा.

मशीन म्हणते, नव्व्याण्णव टक्के दबलं. सारे फोटो सारखेच, म्हणून. आत काही नव्हतंच.

जागा झाली. प्रफुल्ल उघडून राहिलं. पहिला फोटो, हळदीची हिमानी. हसून राहिली. शेजारी मी होते, तिथं भिंत.

बाकीच्या गाठीही उघडून राहिल्या. समोर टपरी. शकुंतला चहा गाळून राहिली. हात केला. तिनं पाहिलं नाही.

पेन धरवत नाही —

फोन. हिमानी. म्हणते, हा नंबर माझ्या फोनात आई म्हणून कसा आला, तुम्ही कोण बोलता? आवाज चांगला आहे तिचा. सांगते तिले. बाळा, मी